अळंबीचे पारखी गुरलिंगअप्पा

गुरलिंगअप्पांनी जन्मात कधी अळंबी चाखलेली नाही. तरी बिलोलीकडच्या आमच्या गावात रानातली अळंबी त्यांना दाखवल्याशिवाय चुलीवर चढत नाही.

अप्पांचं किराणा दुकान. माणूस एकटा, घराणं पक्कं शाकाहारी, लिंगायत. अळंबी त्यांच्या लेखी मटणाची चुलत बहीण. पण पारख अशी, की मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी लाजावं. "वारुळावरची का उकिरड्याची? बुडासकट काढली का वरनं खुडली?" मग चष्मा लावून तिला उलटी करणार. वारुळावरची ओळखीची तेवढी पास, बाकी साऱ्या नापास. "वळख नसल्याला चुलीवर घ्यायचं न्हाई!" वर, त्या घरी भाजीवाचून अडू नये म्हणून पिशवीत चार वांगी टाकणार.

यंदा आमच्या बांधावर लिंबाखाली पिवळसर, देखणी अळंबी उगवली. मी पडलो शाळामास्तर. मोबाईलनं फोटो बघून 'खाण्याजोगी' म्हटलं होतं, त्यामुळे अप्पांकडे गेलो तो निव्वळ मिरवायला.

"बुडाला वाटी, गळ्यात कंठी," अप्पा म्हणाले. "एवढी नटल्याली मी बघितली न्हाई, मास्तर. टाकून द्या."

"मोबाईल सांगतोय, अप्पा."

"मोबाईल जेवतंय का?"

दुकानातली माणसं हसली. माझं डोकं फिरलं. वांगी न घेताच घरी आलो आणि बायकोला म्हटलं, लसूण सोल.

भाजी शिजली, ताटं वाढली. दोन्ही लेकरं हात धुऊन बसली, तेवढ्यात अप्पा दारात. दुकान उघडं टाकून आले होते. खाली बसले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि धाकटीचं ताट स्वतःपुढं ओढलं.

"अप्पा, तुम्हाला चालत नाही!"

"न्हाईच चालत. पर तुम्ही ऐकून न्हाई राहिले. माझ्यामागं कोन हाय? मला काय झालं तर दुकानाला कुलूप लागंल, बस. उद्या सांजेपर्यंत मी धड राहिलो, तर मंग लेकरांना वाढा."

घास तोंडाशी गेला होता. मी त्यांचं मनगट धरलं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

परसात खड्डा खणून सगळी भाजी पुरली. बायकोनं पिठलं टाकलं. अप्पा लेकरांच्या मध्ये बसून तीन भाकरी जेवले.

लेकरं समोर भांडत बसली की मी मनातल्या मनात अप्पांच्या पाया पडतो. खरंच पडायला गेलो, तर ते पाय मागं घेतात आणि हळूच विचारतात, "पिठलं परत कवा हाय, मास्तर?"