तीन मेंढ्यांचा तक्ता

बुधवारी सकाळी कारखान्याची स्वयंपाकीण उल्कान एजे हातातला झारा तसाच घेऊन स्वयंपाकघरातून कचेरीत आली आणि भिंतीवरच्या नव्या तक्त्यासमोर उभी राहिली. तक्ता देखणा होता. वर एक चौकट, तिच्याखाली एका ओळीत पाच, आणि तळाशी एक लांबलचक : ‘कामगार – पंचवीस’.

“तिलेक, शनिवारच्या जेवणात कुणाला कुठलं हाड वाढायचं?”

“तक्त्यात सगळं आहे की, एजे.”

“तक्त्यात माणसं आहेत. मेंढी कुठंय?”

तिलेकनं पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. मेंढी खरोखरच राहिली होती. आणि इकडे मेजवानीत मेंढीचं कुठलं हाड कुणापुढे, ते ज्याच्या त्याच्या मानावर ठरतं.

काराकोल गावातला तो लोकर थापून सपाता नि गालिचे करायचा कारखाना जिपार एजेनं – ‘एजे’ म्हणजे ताई – अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या परसात सुरू केला होता. आता माणसं एकतीस झाली, तरी सगळे सगळं तिलाच विचारत. निळा रंग संपला, तिला विचारा. ट्रक चिखलात रुतला, तिला विचारा. चहाला आधण ठेवू का, तेही. म्हणून तिनं भाच्याला बोलावून घेतलं. तिलेकनं मॉस्कोच्या गोदामात सहा वर्षं खोकी उचलता उचलता व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा केला होता.

“तीन महिने बघते,” आत्यानं बजावलं होतं. “शेवटच्या शनिवारी सगळ्यांना दस्तरखानावर जेवायला बसवू. तुझ्या मांडणीनं वाढलेलं लोकांनी गोड मानलं, तर राहा. ताटं एकमेकांकडे फिरली, तर मॉस्कोचं गोदाम काही पळून गेलेलं नाही.”

तिलेकला जायचं नव्हतं. त्याची मुलगी दीड वर्षाची होती आणि अजून फोनलाच ‘अता’, म्हणजे बाबा, म्हणून हाक मारत होती.

“ह्या पाच चौकटी बघ,” उल्कान एजे झाऱ्यानं दाखवत म्हणाली. “एका ओळीत आहेत. म्हणजे पाचही जणांना कंबरेचं हाड.”

“बरोबर. पाचही विभागप्रमुख समान.”

“मेंढीला कंबरेची हाडं दोन. अल्लानं तेवढीच दिलीत. बाकीच्या तिघांना काय, माझी कंबर देऊ? ती आधीच धरलीये.”

“मग आजवर कसं वाढत होता?”

“वयानं. पण आता तू कागद लावलास. वयानं वाढलं तर म्हणतील, उल्कान कागद मानत नाही. कागदानं वाढावं, तर कागद मुका.”

तिलेकच्या मनात कुणाला दुखवायचं नव्हतं. तो मृदू स्वभावाचा, नमाज न चुकवणारा मुलगा होता. फक्त त्याला गणित पटकन यायचं.

“तीन मेंढ्या घ्या,” तो म्हणाला.

“सहा कंबरा होतील. सहावी कुणाला?”

“उरू दे की.”

उल्कान एजेनं झारा छातीशी धरला. “कंबरेचं हाड ताटात उरू दे? लोक विचारतील, घरातलं कोण गेलं म्हणून!”

तेव्हा दुपारी फाटकावरचा राखणदार सुरक्षा विभागाचा प्रमुख झाला. विभागात तो एकटाच होता. पण संध्याकाळपर्यंत त्यानं कुत्र्याला बरीच शिस्त लावली.

गुरुवारी उल्कान एजे पुन्हा हजर. “तीन मेंढ्या म्हणजे मुंडकी तीन. मुंडकं मालकिणीचं. जिपार एजे किती?”

“एकच.”

“मग?”

मग दोन उपसंचालक नेमावे लागले. शिवण विभागाची सायकाल ही एक, कारण तिला संगणक येत होता; आणि ट्रकवाला कुबात हा दुसरा, कारण तो त्या वेळी नेमका दारात उभा होता. उपसंचालक होताच कुबातनं ट्रकची किल्ली टेबलावर ठेवली.

“हे काय?” तिलेकनं विचारलं.

“उपसंचालक ट्रक चालवतो होय? ते वाहतूक प्रमुख बघेल.”

“वाहतूक प्रमुख तूच आहेस.”

“होतो. भरा आता ती जागा. हाड तयार आहे, माणूस शोधा.”

ही बातमी थापणीच्या शेडमध्ये पोचली आणि कचेरीबाहेर रांग लागली. तळाच्या चौकटीत पंचवीसजण एकत्र कोंबलेले. पण मेंढीची हाडं काही एकसारखी नसतात. मांडी कुणाची, नळी कुणाची, खांदा कुणाचा? आणि मांडी ज्याच्या पुढ्यात येणार, त्याला नुसता कामगार कसं म्हणायचं? तिलेकला कुणालाच नाही म्हणवेना. रिकाम्या जागा भरल्या, नव्या निघाल्या. एकजण बटण-निरीक्षक झाला, एक बाई साबण-अधीक्षक झाली, तिच्या जावेला वाईट वाटू नये म्हणून गरम पाण्याचा वेगळा विभाग निघाला. उल्कान एजे स्वतः आहारप्रमुख झाली आणि तिनं झारा खाली ठेवला.

शुक्रवारी नमाजानंतर जिपार एजे शेडवरून गेली, तर आत लोकर थापल्याचा आवाजच नाही. साबण-अधीक्षक गरम पाण्याच्या परवानगीची वाट बघत होती आणि गरम पाणी विभाग साबणाच्या अर्जाची. जिपार एजेनं तिलेककडे नुसतं पाहिलं, आणि तिलेकला मॉस्कोचा बर्फ दिसला.

तोवर तक्त्यात तीस अधिकारी झाले होते. तळाशी कामगार म्हणून एकच नाव राहिलं : तोकतोबुबू अपा, म्हणजे सगळ्यांची आजीच, वय चौऱ्याहत्तर. ती मंगळवारपासून लेकीच्या गावी गेली होती, त्यामुळे तिला रांगेत उभं राहता आलं नाही. तीसही चौकटींच्या रेघा उतरत उतरत तिच्या एकटीवर येऊन थांबल्या होत्या.

शनिवारी दुपारी अपा आली, चष्मा लावून तक्त्यासमोर उभी राहिली.

“हे खाली कोण रे?”

“तुम्ही, अपा,” तिलेक जमिनीकडे बघत म्हणाला.

“आणि हे वरचे?”

“तुमचे अधिकारी.”

“अगं बाई, तीसजण! बाबा, काम सांगायला सगळे एकाच दिवशी नका येऊ. वार ठरवून घ्या.”

कचेरीतलं टेबल भिंतीला लावून दस्तरखान पसरला. वयानं धाकटा म्हणून तिलेकच पाण्याचं भांडं घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत फिरला. अर्धं पाणी लोकांच्या बाह्यांवर गेलं. उल्कान एजेनं बिस्मिल्ला म्हणून वाढायला घेतलं. पहिलं मुंडकं जिपार एजेपुढे, दुसरं सायकालपुढे. सायकाल लाल झाली.

“एजे, हे माझ्या घशाखाली कसं उतरेल? समोर अपा बसल्यात. मला सुई धरायला यांनी शिकवलं.” आणि तिनं ताट अपाकडे सरकवलं.

कुबातनं आपल्या ताटाकडे पाहिलं, सायकालकडे पाहिलं, आणि त्यानंही सरकवलं. मग सहा कंबरा एकामागून एक निघाल्या. मांड्या निघाल्या. शेवटी जिपार एजेनं आपलंही मुंडकं पुढे केलं. पाहता पाहता अपासमोर असा डोंगर झाला की पलीकडे तिचा नुसता डोक्याचा रुमाल दिसू लागला.

ताटं फिरली होती. एकूण एक.

“मला मारायचा बेत आहे का?” डोंगरामागून आवाज आला. “चार दात आहेत मला. सुरी द्या इकडे.”

अपा कापायला बसली आणि आपल्या हातानं वाटू लागली.

“कुबात, मागच्या हिवाळ्यात खिंडीतून लोकर आणलीस. हे घे कंबरेचं. आधी टेबलावरची किल्ली उचल. उचललीस? हं, खा आता. सायकाल, तुझ्या टाक्याला नाव ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. शिवण तुझ्याकडे, हे दुसरं. राखणदारबुवा, तुम्ही थंडीत उभे असता, तुम्हाला चरबी. साबणवाल्या बाई, तुमचे हात माझ्यापेक्षा मऊ थापतात, पण जीभ कमी थापा. जाऊबाईंच्या शेजारी बसा, एकाच ताटात.”

लोक हसत होते आणि घेत होते. कुणी काही परत सरकवलं नाही. तिलेकला आधी लाज वाटली, मग त्यानं कान दिला, आणि मग खिशातली पेन्सिल काढून तो भिंतीवरचा तक्ता उतरवून त्याच्या पाठीवर भराभरा लिहू लागला : लोकर कोण, रंग कोण, थापणी कोण, कुणानंतर कोण. बावीस नावांपर्यंत आला तेव्हा अपानं हाक मारली.

“ए लिहिणाऱ्या, इकडे ये.”

तिनं मुंडक्याचा कान कापून त्याच्या तळहातावर ठेवला. “घे. आणि ऐकत जा.”

तिलेक कान हातात धरून आत्याजवळ गेला. “एजे, ताटं फिरली. सोमवारी निघतो मी.”

“कुठं?”

“मॉस्कोला.”

“अरे वेड्या,” जिपार एजे म्हणाली, “कान घरच्या पोराला देतात. पाहुण्याला कधी कुणी कान दिलाय? तो कागद पुरा कर, मग भिंतीवर लाव. आणि पुढच्या वेळी मेंढी एकच.”

तोकतोबुबू अपानं दोन्ही तळहात पसरून आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी चेहऱ्यांवरून हात फिरवले आणि जेवणाचा जोर वाढला. तिलेक अंगणात गेला आणि त्यानं घरी फोन लावला.

“बेगिमाय, मी राहतोय.”

पलीकडून त्याच्या बायकोनं नाक ओढत विचारलं, “पद कुठलं मिळालं?”

“कान.”

“बरं झालं,” बेगिमाय म्हणाली. “मग नीट ऐक. येताना पीठ आण, आणि पोरगी झोपायच्या आत ये.”