बदल कोणी केला?

विभागात पाच प्रोग्रामर होते आणि स्टीलचा एक पेला. पेला ज्याच्या टेबलावर, त्यानेच त्या दिवशी सामाईक फोल्डरमधला कोड बदलायचा, अशी रीत होती. एकदा एक जण रजेवर जाताना डब्याबरोबर पेलाही घरी घेऊन गेला, तेव्हा विभागाचं काम आठ दिवस ठप्प झालं होतं.

नव्याने आलेल्या मुलीला हे बघवेना. ती अजून कायम झाली नव्हती. पुढच्या शुक्रवारी तिचे उमेदवारीचे सहा महिने भरत होते, आणि आईने शेजारीपाजारी 'झाली हो कायम' असं सांगूनही टाकलं होतं. मुलीने अडगळीतल्या संगणकावर एक सर्व्हर उभा केला. आता सगळ्यांनी एकाच वेळी काम करावं. कोणती ओळ कोणी, कधी आणि का बदलली, हे सर्व्हर लिहून ठेवणार.

पहिल्या दिवशी टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी कोणी काहीच बदललं नाही. 'कोणी' हा रकाना सगळ्यांना टोचत होता. सर्वांत ज्येष्ठ प्रोग्रामरला सगळे काका म्हणत. त्यांनी तिला समजावलं, "अगं, काम करायला आमची ना नाही. पण ते आम्हीच केलं, हे लिहून कशाला ठेवायचं?" मग 'का'च्या रकान्यात सगळे 'साहेबांच्या तोंडी आदेशानुसार' असं लिहू लागले. साहेबांनी परिपत्रक काढलं: यापुढे तोंडी आदेश लेखी असल्याशिवाय तोंडी समजले जाणार नाहीत.

बुधवारी हजेरीच्या प्रोग्रामने अख्खी कंपनी गैरहजर ठरवली. दारं उघडेनात. खुद्द संचालक तासभर फाटकाबाहेर उभे होते. त्यांनी गुरुवारी बैठक लावली. मुलीने नोंद पाहिली. घोळ घालणारी ओळ साहेबांनी बदलली होती. कारण: 'सहज'.

बैठकीआधी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिला कायम करण्याचं पत्र टेबलावर होतं, सहीची जागा कोरी.

"तुझा सर्व्हर जुन्याच मशीनवर आहे ना?" त्यांनी आस्थेने विचारलं.

"हो, साहेब."

"मग गोंधळत असेल बिचारा," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं.

बैठकीत तिने सांगितलं की वयोमानामुळे सर्व्हरला नावं नीट आठवत नाहीत. बोलताना ती टेबलाकडेच बघत होती. सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या आणि ठराव झाला: यापुढे प्रत्येक काम 'विभाग' या एकाच नावाने नोंदवावं. त्या दिवसापासून विभागातल्या एकाही माणसाच्या हातून चूक झालेली नाही. तशी नोंदच आहे.

शुक्रवारी तिला पत्र मिळालं. सहीच्या जागी छापलं होतं: 'विभाग'. ती तशीच केबिनमध्ये गेली.

"साहेब, तुमची सही?"

"नावं घालायची नाहीत, असं आपणच ठरवलं ना?" साहेब म्हणाले.

तिने पत्र आस्थापना शाखेत दिलं; शाखेने ते सोमवारी परत पाठवलं. शेरा होता: 'उमेदवारास कायम कोणी केले, याचा बोध होत नाही.' तिने काकांना विचारलं, संचालकांच्या कारकुनाला विचारलं. सगळे हळहळले. पत्र कोणी काढलं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

हे वाचताना तुम्हालाही तुमच्या कचेरीतली दोनचार नावं आठवली असतील. आपलं सोडून.