आवडता पदार्थ

नव्या फोनवर बँकेचं ॲप सुरू करताना कमरुद्दीनला सुरक्षेचा प्रश्न आला. तुमचा सर्वात आवडता पदार्थ कोणता?

उत्तर त्याला पाठ होतं. दोह्यात नोकरीला असताना खानावळीतला मलबारी पराठा खाऊन त्याने ते मनापासून लिहिलं होतं. पण आता बायको, ताहिरा, चष्मा लावून शेजारी बसली होती. परदेशातून दर फोनला त्याने तिला सांगितलं होतं, तुझ्या हातच्या सांदणाची सर कशालाच नाही.

"लिहा ना, यूम्नाचे अब्बा. पाचच्या आत तिची कॉलेजची फी भरायचीय."

त्याने 'सांदण' लिहिलं. चूक.

"शेवटचा अनुस्वार राहिला असेल," ताहिरा म्हणाली. 'सांदणं' लिहिलं. तेही चूक. मग तिने लाजत सुचवलं, "माझं नाव घालून बघा." तिसऱ्या चुकीला खातं बंद झालं.

तक्का भागातल्या घरून रिक्षा करून दोघं पनवेलच्या शाखेत पोहोचली तेव्हा चार वाजले होते. काउंटरवरच्या स्नेहलने आधार कार्ड तपासून खातं उघडून दिलं.

"काका, आता जुनं उत्तर तुम्हीच टाका. आम्हालाही ते दिसत नाही. काकी, तुम्ही जरा तिकडे बघा."

"सत्तावीस वर्षं झाली निकाहला. माझ्यापासून कसला पर्दा?"

"नियम आहे, काकी."

ताहिराने मान वळवली. ॲप सुरू झालं, फी भरली गेली. यूम्नाचा प्रवेश पक्का झाला, पण ताहिराचा चेहरा उतरला.

"म्हणजे सांदण नव्हतंच," ती हळूच म्हणाली.

कमरुद्दीन पुन्हा काउंटरकडे वळला. "मॅडम, उत्तर बदलता येतं का?" त्याने विचारलं. येत होतं. त्याने नवं उत्तर टाकलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं, "सांदण. ताहिराच्या हातचं."

ताहिराने ओढणी सारखी केली. रांगेतल्या एका म्हातारीने कौतुकाने मान डोलावली.

स्नेहलने कपाळाला हात लावला. "काका, आता सगळ्यांना कळलं. पुन्हा बदला."

कमरुद्दीनने बायकोकडे पाहिलं. या वेळी ताहिराला सांगावं लागलं नाही. ती खुशीत पाठ फिरवून उभी राहिली, आणि कमरुद्दीनने जड मनाने 'मलबारी पराठा' लिहिलं.