वच्छलाच्या फीच्या अक्षता

"सभेला चार टाळकी येत न्हाईत, पण घरोघर अक्षता देऊन आवतण दिलं की अख्खी शुक्रवार पेठ लोटतीय! बघाच तुमी!" सिद्रामप्पांनी आपल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर थाप मारून सांगितलं.

कारणही तसंच होतं. गल्लीतली वच्छला मॅट्रिक पास झाली होती. तिची आई बजाबाई लूमवर सुताच्या कांड्या भरायची. घरात आजवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. सोमवारी फी भरली नाही तर जागा जाणार, आणि पोरगी आईशेजारी कांड्या भरायला बसणार! अप्पांनी विडाच उचलला. रविवारी मांडव, बँड, भाषण, आणि मधोमध मदतीची पेटी!

"अहो, अक्षता लग्नाला देतात की," त्यांची बायको अक्कम्मा म्हणाली.

"शिक्षण मंगल कार्य न्हाय व्हय? तू गप वाटून ये!"

तिनं गप वाटल्या.

रविवारी खरंच पेठ लोटली. अप्पांच्या मिशा फुलल्या. मग पहिली घागर आली. मागोमाग परात, पातेली, तांबे, सगळं कोरं करकरीत स्टील! पेटीकडं कुणी ढुंकून बघेना.

"अगं केराबाई, पैसे टाक की पेटीत!"

"अय्या! आहेर आणलाय न्हवं?"

तेवढ्यात सांगोल्याहून वच्छलाचा मामा, हिंदुराव, लालबुंद होऊन आला. "भाचीचं लगीन आन् मामाला सांगावा न्हाय? नवरदेव कुटं हाय?"

"नवरदेव न्हाय हो! कॉलेज हाय!"

"कालिजात जमलं व्हय? बजे, घराणं तरी इचारलंस का?"

बजाबाईनं कपाळाला हात लावला. अप्पा संतापून टेबलावर चढले. दोन्ही हात उंचावून ओरडले, "लग्न न्हाय! फी हाय, फी!" हात वर गेलेले बघून, तीच खूण समजून बँडवाल्यानं धडाक्यात सुरुवात केली. झालं! चारी बाजूंनी अक्षता बरसल्या, निम्म्या अप्पांच्या उघड्या तोंडात!

त्यातच पंगतीऐवजी चहा-चिवडा बघून लोकच चिडले. "लग्नात चिवडा? अप्पा लई चिक्कू!"

संध्याकाळी हातगाडीवर ढीग घालून अप्पा भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक पातेलं उलटं करून बघितलं आणि परत ठेवलं. "नावं घातलीत की सगळ्यांवर! कोण घेतंय?"

"गाढवं हायत समदी! अक्कल म्हणून न्हाय!" घरी येऊन अप्पा तणतणले. "शिक्षणाला कुणी घागर देतंय?"

वच्छला तिथंच भांडी मोजत होती. ती म्हणाली, "अप्पा, अजून लग्नं हायत. भाड्यानं देऊया की."

शेजारच्या गुरुबसप्पांच्या घरी बुधवारी कार्य होतं. त्यांनी सगळा ढीग ठरवला, आगाऊ पैसे दिले, आणि सोमवारी फी भरली गेली! पुढं वर्षभर पेठेतली माणसं आपणच दिलेली भांडी भाड्यानं नेत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांच्या मुलाचं लग्न निघालं. भांडी अर्थात वच्छलाकडचीच. सगळ्यात मोठ्या पातेल्यावरचं नाव वाचून अप्पांचे डोळे पांढरे झाले. 'सौ. अक्कम्मा सिद्रामप्पा यांजकडून.'

"तू? तू बी?"

"मग? दारोदार अक्षता मीच वाटल्या की," अक्कम्मा म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"

अप्पा वच्छलाकडं वळले. "आन् माझ्याच पातेल्याचं भाडं घेतीस व्हय गं?"

"व्हय अप्पा," वच्छला म्हणाली, "दुसऱ्या वर्षाची फी हाय की."