हौसाबाईंचा टेका

बावीस वर्षांपूर्वी, शोरूममध्ये हळदकुंकू लावून झालं तेव्हा निवृत्तीतात्यांच्या नव्या मोटारसायकलीनं घसा खाकरला आणि तिचे भाग बोलायला लागले. सगळ्यांच्याच गाड्यांचे बोलतात. ते खाकरणं तात्यांच्या कानात अजून होतं.

या बुधवारी तात्या बायकोला घेऊन त्याच शोरूमला आले. महिन्यापूर्वी हौसाबाई गतिरोधकावर गाडीवरून मागं पडल्या होत्या. कमरेच्या व्यायामासाठी आता रोज तालुक्याला यायचं होतं, आणि मागं टेकायला काही असल्याशिवाय त्या गाडीवर बसायला धजत नव्हत्या. म्हणून तात्यांनी बाजारातून गादीचा टेका आणला होता.

"बाहेरचा माल आहे," मॅनेजर घोरपडे म्हणाले. "गाडीच्या सगळ्या भागांची संमती लागेल."

"घ्या की मग."

हेडलाइट हो म्हणाला. दोन्ही चाकं हो म्हणाली. मागच्या ब्रेकनं वजनाची कुरकुर केली.

"तुला काय खांद्यावर घ्यायचाय का, मेल्या?" हौसाबाई म्हणाल्या. ब्रेकही तयार झाला.

"लावा आता," तात्या म्हणाले.

"प्लास्टिकचं मत राहिलं."

"कसलं प्लास्टिक?"

घोरपड्यांनी रजिस्टर फिरवून समोर धरलं. "सीटवरचं. तुम्ही ते काढू दिलं नव्हतं. हळदकुंकू त्यालाच लागलं, म्हणून सभासद ते."

"सीट मळू नये म्हणून ठेवलेलं! दोन वर्षांत फाटलं, टाकून दिलं!"

"गैरहजर मत विरोधात धरतात."

"मग सीटला आत्ता कुंकू लावतो."

"पहिल्याच दिवशी लागतं, तात्या."

तात्या कधी आवाज चढवत नसत. आता चढला. "साहेब, लेक बाळंतपणाला आणली ती या सीटवर. आईला दवाखान्यात नेलं ते हिच्यावर. आणि मत त्या फाटक्या कागदाला? टेका हिलाच लागणार ना? हिला विचारा!"

"कुंकू न लागलेल्या भागाला वाचा नसते. विचारून काय उपयोग?"

हौसाबाईंनी सीटवर हात ठेवला. "आपलंच चुकलं वो. बिचारीला हे ठाऊकबी नसंल."

"आता झालं ठाऊक," घोरपडे म्हणाले.

सीटचे बोल्ट एकेक करून सैल झाले. ती खाली उतरली. हौसाबाई टेका काखेत धरून बाजूला सरकल्या. सीट त्यांच्यापाशी क्षणभर थांबली, मग काचेचं दार ढकलून रस्त्यानं चालू लागली.