सात नंबरची दुरुस्ती

एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली चूक बशीर झुवारींनी निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना केली.

प्रादेशिक परिवहन कंपनीच्या भांडवली खर्चाच्या आराखड्यात बदल करायचे होते. संचालक लार्बी, म्हणजे अदबीने सगळे म्हणत तसे ‘सी लार्बी’, आणि मंडळाने चार महिने खल करून अकरा बदल ठरवले होते. बारा नव्या बसऐवजी नऊ, वर्कशॉपचं छप्पर यंदा, डिझेलची टाकी पुढल्या वर्षी, असे. बशीरना ते फक्त टाइप करायचे होते. नवव्या ओळीत होतं, ‘बस क्रमांक सात : लिलाव.’

नेमकी तेव्हाच खाली आवारात सात नंबर खोकली. त्या खोकल्यासरशी बशीर पंधरा वर्षांचे झाले. तेव्हा बस नवी होती आणि त्यांना नुकती मिसरूड फुटत होती. डोंगरावरच्या ऐन तूता गावातून तिनेच ते शाळेत यायचे. मांडीवर आईने फडक्यात बांधलेली गरम भाकरी, फडक्याबाहेर झिरपणारं ऑलिव्हचं तेल, शेजारी कुणाची तरी शेळी. मागच्या बाकावरून एकाने गाणं धरलं की उतरणीपर्यंत अख्खी बस गात असे. ती शेळी, ते गाणारे, ती आई, आता कुणीच उरलं नव्हतं. बोटांनी आपल्या मनानेच टाइप केलं, ‘दुरुस्ती, नवं इंजिन.’

कागदांवर सह्या झाल्या, ते मंजुरीसाठी राजधानीला रवाना झाले. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची नाजिया प्रत चाळत होती.

“सी बशीर, सात नंबर विकायची होती ना?”

“हो. का?”

“मग इथं तिचं नवं इंजिन का बसतंय?”

बशीरनी प्रत तिच्या हातातून ओढून घेतली. “उद्या साहेबांना सांगतो. तू कुणाला बोलू नकोस, बाई!”

नाजियाने खरंच कुणाला सांगितलं नाही, फक्त आपल्या भावाला सांगितलं. भाऊ म्हणजे सात नंबरचा ड्रायव्हर लम्जद.

सकाळी कचेरीच्या दारात निम्मं ऐन तूता उभं होतं. तेलाचे डबे, खजूर भरलेल्या मकरूद मिठाईचं ताट, आणि सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी. तिने सी लार्बींचे दोन्ही हात धरले. “लेकरा, माझी वरात या बसमधून आली रे! माझा म्हातारा याच बसमधून दवाखान्यात गेला. तू तिला वाचवलंस!”

सी लार्बींना काही कळलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांच्या दारात घोषणा न देता आलं होतं. “लोकांच्या आठवणी मोडीत काढायच्या नसतात, आजी,” ते म्हणाले. दुपारी तेच वाक्य त्यांनी स्थानिक रेडिओवरही म्हटलं.

बशीर तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा आत घुसले.

“साहेब, ती नववी ओळ... माझी चूक आहे.”

सी लार्बींच्या हातातला मकरूद तसाच राहिला. “आणि हे तुम्ही मला रेडिओनंतर सांगताय?”

“मी दुरुस्तीपत्रक पाठवतो.”

“खबरदार! त्या म्हातारीला कोण तोंड देणार? तुम्ही?” ते आवाज उतरवून म्हणाले, “गप्प बसा. वरचे नामंजूर करतीलच. शिव्या त्यांना बसतील.”

“आणि चौकशी लागली तर? माझी पेन्शन?”

“तेव्हा मात्र चूक तुमची.”

पुढचे तीन आठवडे बशीरना घास गोड लागला नाही. फोन वाजला की ते दचकत. शेवटच्या दिवशी राजधानीहून लिफाफा आला आणि पाठोपाठ साहेबांचं बोलावणं.

सी लार्बींनी कागद पुढे ढकलला. बारा बसऐवजी नऊच का? खुलासा करावा. छप्पर यंदाच का? खुलासा करावा. दहा बदल प्रश्नांसह परत आले होते. नवव्या ओळीपुढे मात्र लिहिलं होतं, ‘मंजूर. प्रस्ताव स्तुत्य.’

बशीर मटकन खुर्चीत बसले.

“उठू नका,” सी लार्बी म्हणाले. “सहा महिने मुदतवाढ मागितलीय तुमच्यासाठी. उरलेल्या दहा ओळी तुम्हीच लिहायच्या. मनाला येईल तशा.”

“पण साहेब, मंडळाने चार महिने विचार करून...”

“तेच तर नडलं, बशीर. त्यात फार विचार झाला होता.”