धम्मशीलाबाई समाजात राहण्यास पात्र

माणूस बरा झाला आहे, हे केवळ तो बरा आहे एवढ्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी समिती लागते. बुलढाण्याच्या एका मनोपचार केंद्रात अशी पाच सदस्यांची समिती होती. (दोघं कायम गैरहजर, एक कायम झोपेत, त्यामुळे निर्णय एकमतानं होत.)

वडनेर भोलजीच्या धम्मशीलाबाई चार वर्षांपूर्वी तिथं आल्या, दोन वर्षांत सावरल्या आणि उरलेली दोन वर्षं समितीची बैठक होण्याची वाट पाहत राहिल्या. भाऊ प्रसेनजितनं घरी त्यांच्या खोलीला रंगही देऊन ठेवला होता.

अखेर बैठक झाली. अध्यक्ष रामरावांनी विचारलं, राग येतो का? 'येतो' म्हणावं तर आक्रमक, 'नाही' म्हणावं तर भावनाशून्य. बाई म्हणाल्या, कधीकधी. तसा रकानाच नव्हता.

मग प्रात्यक्षिक ठरलं: सरकारी खिडकीवरून रहिवासी दाखला आणणे. नोंदी घ्यायला मागं समुपदेशक अर्पिता. बाई तीन तास रांगेत उभ्या राहिल्या. बाबू दोनदा चहाला गेला, बाई शांत. पाच जण मधे घुसले. बाईंनी सरकून जागा दिली. अहवाल आला: 'वर्तन समाजाशी विसंगत. अपात्र.'

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. प्रसेनजितला फोनवर काय सांगावं, ते सुचेना. शेवटी त्यांनी अर्पितालाच गाठलं. "काऊन वं पोरी, मी चुकली कुठी?"

अर्पितानं इकडंतिकडं पाहिलं. "मावशी, तुम्ही चुकल्याच नाही न. तेच चुकलं."

पुढच्या खेपेला बाई थेट खिडकीशी घुसल्या. एका म्हाताऱ्याला कोपर मारलं, मोठे साहेब आपले मावसभाऊ आहेत असं ठोकून दिलं, बाबूला बदलीची धमकी दिली. (मोठ्या साहेबांची जागा वर्षभर रिकामी होती.) अकरा मिनिटांत दाखला हातात. समितीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या, झोपलेले सदस्यही उठले. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन गुण कापले, कारण परतताना बाईंनी त्या म्हाताऱ्याची माफी मागितली होती.

दुसऱ्याच दिवशी बाई गावाकडच्या एसटीत बसल्या. गाडी खचाखच भरलेली. शेजारणीनं विचारलं, "कुठून येऊन राह्यल्या बाई?" बाईंनी आनंदाच्या भरात खरं ते सांगून टाकलं. राजूर घाट लागेपर्यंत तिघांच्या बाकावर त्या एकट्याच उरल्या, आणि उभ्या प्रवाशांची संख्या एकवीसवरून तेवीस झाली. घाटाच्या वळणावळणावर तेवीस जण एकमेकांच्या अंगावर पडत होते. रिकाम्या जागेवर कोणी पडत नव्हतं. बाईंनी पाय लांब केले.

तुम्ही त्या गाडीत असता, तर अर्थातच त्यांच्या शेजारी बसला असता. त्या तेवीस जणांनीही घरी जाऊन हेच सांगितलं.